दोन प्रश्नांमधले दिवस

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत मी बरीच वर्षं नववी-दहावीच्या मुलांचे विज्ञानाचे क्लास घेतले. मग मुलं एसी क्लासेसकडे वळली, माझ्याकडची बाकं रिकामी पडायला लागली, आणि एका माजी विद्यार्थिनीच्या ओळखीने मी नवीन पनवेलमधल्या एका छोट्या कंपनीत लागले. कारखाने, गोदामं, कंटेनर यार्ड अशा ठिकाणच्या कामगारांसाठी तिथे ऑनलाइन ट्रेनिंगचे कोर्स बनवायचे. मजकूर लिहिणं आणि प्रश्न काढणं हे माझं काम. शिकवण्याच्या जवळचंच काहीतरी करतेय, या समाधानात सुरुवातीचे महिने गेले.

ते समाधान फार टिकलं नाही. कोर्स म्हणजे पाऊण तासाचा व्हिडिओ आणि शेवटी थोडे प्रश्न. उत्तर चुकलं तर पुन्हा द्यायचं, बरोबर येईपर्यंत. मग सर्टिफिकेट. पुढच्या वर्षी पुन्हा तोच व्हिडिओ. आठवड्याभराने त्यातलं किती डोक्यात उरतं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. क्लासमध्ये मी असं कधी शिकवलं नव्हतं. सोमवारी शिकवलेलं मी मंगळवारी विचारायची, मग मध्ये काही दिवस जाऊ द्यायची, मुलं ते विसरायच्या बेतात आली की पुन्हा विचारायची. आठवताना त्यांना थोडा त्रास झाला पाहिजे. त्या त्रासातच ते पक्कं बसतं. पुढे वाचताना कळलं की याला रीतसर नाव आहे आणि ऑनलाइन कोर्समध्ये हे करता येतं. धडा छोटा ठेवायचा, मग एक-दोन दिवसांनी, नंतर आठवड्याने, नंतर महिन्याने त्यातलाच एखादा प्रश्न फोनवर पाठवायचा. चुकला तर तो लवकर परत येतो, बरोबर आला तर उशिरा. दोन प्रश्नांमधले जे रिकामे दिवस असतात, शिकणं खरं त्यांच्यात होतं.

आमचे साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान, इंजिनियर, स्वभावाने सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, एका क्लायंटकडे करून बघू. तो क्लायंट म्हणजे उरण रोडवरचं एक कंटेनर यार्ड.

परदेशातून माल येतो तेव्हा कीड मरावी म्हणून काही कंटेनरमध्ये विषारी गॅस सोडलेला असतो. यार्डात कंटेनरला डबा म्हणतात. डबा उघडल्यावर दारं सताड उघडी ठेवून थांबायचं, मीटर लावून गॅस गेल्याची खात्री करायची, आणि मगच आत जायचं, असा नियम. माल काढल्यावर आतला कचरा झाडायला ठेकेदाराच्या बायका असायच्या. त्यांच्यासाठी कोर्स करायचा होता. मी म्हटलं, आधी त्यांना भेटते.

भेटायला गेले तर साडीवर पिवळी चमकणारी जॅकेटं घातलेल्या दहा-बारा बायका शेडच्या सावलीत भाकरी खात बसल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणत, मीही म्हणायला लागले. पन्नाशीच्या, काटक, बोलायला मोकळ्या. त्या खाडीकाठच्या गावातल्या होत्या आणि लहानपणापासून मिठागरात राबलेल्या. बोलता बोलता त्यांनी पायाखालच्या काँक्रीटकडे हात केला. "इथंच होतं आमचं आगर. मीठ वडायचो आमी इथं." तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी त्यांना विचारलं, डब्यात गॅस आहे हे कसं कळतं? सगळ्यांचं एकच उत्तर आलं. वास येतो. डोळे चुरचुरतात.  त्या गॅसला वास जवळजवळ नसतोच. त्यांना दरवर्षी कोर्स झाला होता, सगळ्यांकडे सर्टिफिकेटं होती, आणि सगळ्यांच्या डोक्यात ठाम बसलेलं होतं ते नेमकं उलटं.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. सुरुवातीच्या काही गोष्टी साफ फसल्या. प्रश्न सकाळी दहाला पाठवायची, उत्तर कुणाचंच येईना. मग कळलं की फोन गेटवरच्या कपाटात जमा करावे लागतात. संध्याकाळी घरी पोचल्यावर स्वयंपाकाची घाई. शेवटी ठेकेदाराची बस गेटवरून निघते ती वेळ धरली. बसमध्ये बायका फोन काढायच्या, एकमेकींना विचारून उत्तर द्यायच्या. आमच्या ऑफिसातल्या प्रोग्रामरला ते पटलं नाही, ही कॉपी झाली म्हणाला. मला मात्र हवं होतं ते हेच. बसमध्ये भांडून ठरवलेलं उत्तर कोण विसरणार होतं?

बऱ्याच जणींना वाचायला जड जायचं, म्हणून प्रश्न आवाजात ठेवले. पहिल्यांदा मीच रेकॉर्ड केले. मावशींनी ऐकले आणि पदर तोंडाला लावून हसल्या. ही बाई बातम्या देते काय, असं शेजारणीला म्हणाल्या. मग मी त्यांनाच विचारलं, तुम्ही बोलाल का? आधी नाही म्हणाल्या, मग घसा खाकरून बसल्या. त्यांच्या घरी, पंखा बंद करून, माझ्या फोनवर आम्ही सगळे प्रश्न रेकॉर्ड केले. मध्येच कोंबडी ओरडली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांची सून दारात उभी राहून हसू दाबत होती. आपटा गावाकडची मुलगी, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. सासूचा आवाज फोनमधून यायला लागला तेव्हा ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. निघताना तिने मला हळूच विचारलं की अशा कामाला बारावी झालेली चालते का. मी म्हटलं, चालेल की. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते.

मग ते प्रश्न जायला लागले. "दार उघडलं, वास नाय आला. आत जायाचं का नाय?" मावशींच्या आवाजातला हा प्रश्न सुरुवातीला जवळजवळ सगळ्याजणी चुकल्या. दोन दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा बऱ्याच चुकल्या. आठवड्याने आला तेव्हा अर्ध्या जणी बरोबर. महिना उलटल्यावर पाठवला तेव्हा एखाददुसरीच चुकली. मी एकदा यार्डात गेले असताना मुकादम एका डब्याकडे बोट दाखवून चला चला करत होता, आणि एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मीटर आना, म्हणत होती. मुकादमाचं तोंड वाकडं झालं, पण मीटर आला. मी रिक्षाने परत येताना उगीचच हसत होते. इतक्या वर्षांच्या क्लासमध्ये असा आनंद मला फार वेळा झाला नव्हता.

तो आनंद पुढचा पावसाळा संपेपर्यंत पुरला.

यार्डाचा ठेकेदार बदलला. तिथे ठेकेदार बदलतातच. बायका त्याच, काम तेच, पण नव्या ठेकेदाराच्या कागदावर त्या सगळ्या नवीन कामगार झाल्या. आमच्या सिस्टिममधली त्यांची आधीची नावं बंद झाली, नवी उघडली, आणि त्यांचा कोर्स पहिल्या पानावर आला. त्याच वेळी काही नव्या बायकाही कामावर घेतल्या. त्यात मावशींची सून होती.

यार्डाच्या सेफ्टी ऑफिसरचा फोन आला. ऑडिट तोंडावर होतं. त्यांच्या स्क्रीनवर ज्यांचा कोर्स पूर्ण त्यांची नावं हिरवी दिसायची, बाकीची लाल. अंतर ठेवून शिकवायच्या कोर्समध्ये माणूस दोन-तीन महिने लालच राहणार, कारण शेवटचा प्रश्न तेव्हा येतो. मी त्यांना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे. पण ऑडिटर येईल तेव्हा मला हिरवं पाहिजे. लाल नावाचा माणूस मी यार्डात ठेवू शकत नाही. ठेवला नाही तर काम कोण करणार?"

मी सुचवलं की पहिला धडा झाला की पिवळा रंग दाखवू. सुचवलं की निदान दोन आठवडे द्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडले नाहीत, हेच जास्त अवघड गेलं. ते म्हणाले की आपण प्रयत्न केला, क्लायंटला नको असेल तर आपण काय करणार. प्रोग्रामरने प्रश्नांमधलं अंतर शून्यावर आणलं. सेटिंगच्या पानावर एक आकडा बदलला, एवढंच ते काम होतं. दोन-तीन महिन्यांत यायचे ते सगळे प्रश्न आता एकामागून एक, एकाच दुपारी येणार होते. मी त्याच्या मागे उभी राहून बघत होते. मावशींचा आवाज तेवढा ठेवा, असं मी म्हटलं. त्याला काय, तो ठेवला.

ती दुपार कशी गेली ते मला नंतर बायकांकडून कळलं. सगळ्यांना गेटजवळच्या खोलीत बसवलं. मुकादमाने सगळ्यांचे फोन गोळा करून टेबलावर ओळीने मांडले, एकेकाचा आवाज बंद केला आणि स्वतःच बोटाने पुढे पुढे करत गेला. बायकांना चहा दिला. चहा संपायच्या आत सगळी नावं हिरवी झाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यातल्याच एका बाईचा मला फोन आला. मावशींची सून पनवेलच्या दवाखान्यात आहे म्हणाली.

झालं होतं ते असं. सकाळी एक डबा उघडला होता. माल मशीनने बाहेर काढला आणि रिकामा डबा न्यायला ट्रेलर उभा होता म्हणून लगेच झाडून द्यायला सांगितलं. जुन्या बायका त्या दिवशी दुसऱ्या शेडमध्ये होत्या, मावशीसुद्धा. सून आणि तिच्याबरोबरची एक नवी मुलगी झाडू घेऊन आत गेल्या. दुसरी दारापाशीच होती. सून आतल्या टोकाला, जिथे हवा खेळत नाही तिथे, वाकून कोपरे काढत होती. वास काहीच नव्हता. दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. ऊन लागलं असेल म्हणून घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याजवळच कोसळली. झटके यायला लागले.

मी दवाखान्यात गेले तेव्हा मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा, टेम्पो चालवतो तो, औषधं आणायला गेला होता. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. घरी कामाचं कधी बोलणं होत नाही, हे त्या दोन-तीनदा म्हणाल्या. दोघी सकाळी एकाच बसने जायच्या, एकाच बसने यायच्या, घरी आल्या की भात, भाकरी, भांडी. तिला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण तिला कोर्स दिलाय हे त्यांना माहीत होतं. कोर्समध्ये काय आहे हेही माहीत होतं. मग त्या वळल्या.

"ताई, तिच्या फोनात माझाच आवाज होता ना? मग तिनं आयकला का नाय?"

मला उत्तर माहीत होतं. आवाज बंद करून मुकादमानेच उत्तरं दिली, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला. त्या दिवशी त्याही त्याच खोलीत चहा पीत बसल्या होत्या. फोन टेबलावर ओळीने मांडलेले त्यांनीही बघितले होते. पण आपल्याला तर सगळं येतं, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.  त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसून राहिल्या.

सून वाचली. दवाखान्यातून ती घरी आली, पण आधीची राहिली नाही. चालताना तोल जातो, कुणीतरी धरावं लागतं. हात थरथरतो. वाक्य सुरू करते आणि मध्येच शब्द सापडेनासा होतो, मग रागाने गप्प बसते. डॉक्टर म्हणाले, सुधारेल हळूहळू, किती ते सांगता येत नाही. आता तेही तसं म्हणत नाहीत.

यार्डाने चौकशी बसवली. कोर्स आम्ही बनवला होता म्हणून मलाही बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी एवढंच सांगितलं की विचारतील तेवढंच बोला. मी ठरवून गेले होते की सगळं बोलायचं.

काचेची खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. हेड ऑफिसहून दोन माणसं आली होती. सेफ्टी ऑफिसर एका कोपऱ्यात बसले होते, त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की वास आला नाही तरी आत जाऊ नये, हा मुद्दा कोर्समध्ये होता की नव्हता. होता, मी म्हटलं. संबंधित कामगाराने कोर्स पूर्ण केल्याची नोंद आहे का? आहे. गुण किती? पूर्ण.

मग मी बोलायला लागले. हा कोर्स मुळात कसा बनवला होता, मधलं अंतर का ठेवलं होतं, ते काढल्यावर त्यात काय उरलं, ते सांगितलं. प्रश्न ऐकायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत उत्तर दिलेलं आहे, तेही दाखवलं. त्या मुलीने हा कोर्स केलेलाच नाही, तिच्या फोनने केलाय, असं म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण एकाने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मधे बसलेले गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाले, "मॅडम, माणूस शिकतो कसा, हा आपला आजचा विषय नाही. शिकवायची सोय केली होती की नाही, एवढाच आहे."

अहवालात लिहिलं गेलं की प्रशिक्षण दिलेलं होतं आणि कामगाराने सूचनांचं पालन केलं नाही. मुकादमाला दुसऱ्या यार्डात हलवलं. ठेकेदाराने दवाखान्याचा काही खर्च केला आणि भरपाईचा विषय निघाला की अहवालाकडे बोट दाखवलं. गावातल्या एका वकिलांनी केस घातली आहे. तारखा पडतात.

मी त्या अहवालाची प्रत पुष्कळदा वाचली. कागदावर बघितलं तर त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी लिहिलेला कोर्स नसता तर कदाचित त्यांना प्रशिक्षण दिल्याचं ते वाक्य लिहिताच आलं नसतं, हा विचार एकदा आला तो मग गेलाच नाही. भाजी निवडताना यायचा, रिक्षात यायचा. नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, तू नसतीस तर दुसऱ्या कुणी बनवला असता. ते खरंच होतं आणि त्याने काही हलकं वाटलं नाही.

नोकरी मी सोडली नाही. सोडून क्लासकडे परत जायचं म्हटलं तर क्लास भरायचा तो गाळा आता मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आहे. थोड्याच दिवसांत त्याच यार्डाकडून नवीन काम आलं. झालेल्या प्रकारावर एक कोर्स हवा होता, पंधरा मिनिटांचा, एका बैठकीत संपणारा. त्यांनी पाठवलेल्या कागदात तसं स्पष्टच लिहिलं होतं. मी पुन्हा एकदा अंतराचा विषय काढला. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी जाग्यावर येऊन लिहायला बसले. मजकूर चांगला झाला. तिकडून कौतुकाचा मेल आला.

मावशींकडे मी अधूनमधून जाते. मिठागरांच्या जागी आता सगळीकडे भराव आहे, बस जिथे थांबते तिथून गाव पटकन ओळखू येत नाही. सून ओटीवर बसलेली असते. मला बघून हसते. नवऱ्याने तिला व्यायामाला रबरी चेंडू आणून दिलाय, तो ती हातात दाबत बसते, पडला की दुसरं कुणीतरी उचलून देतं. मी तिच्याशी आपट्याचं, तिच्या माहेरचं काही बोलते. ती मान हलवते. बारावीचा आणि नोकरीचा विषय तिनेही पुन्हा काढला नाही, मीही नाही.

गेल्या वेळी गेले तर मावशी घरी नव्हत्या. त्यांचा मुलगा म्हणाला, कामाला गेली. मला वाटलं दुसरीकडे कुठे. तो म्हणाला, तिथंच. दुसरीकडे या वयात कोण घेणार? संध्याकाळपर्यंत मी थांबले. मावशी आल्या, हातपाय धुतले, सुनेला पाणी दिलं आणि माझ्यासमोर टेकल्या. ठेकेदार पुन्हा बदलला होता. पुन्हा सगळ्या नवीन झाल्या होत्या, पुन्हा त्यांना कोर्स दिला होता. त्यात एका बाईला गॅस लागल्याचं चित्र आहे म्हणाल्या. तो मीच लिहिला होता. त्यांना ते माहीत असावं. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं की मावशी, डब्यात जायच्या आधी थांबत जा, मीटर लावल्याशिवाय जाऊ नका.

"म्हाईत हाय ना ताई," त्या म्हणाल्या. "मुकादम जेवढं थांबू देतो तेवढं थांबतो आमी."

मग त्या तांदूळ धुवायला उठल्या. शेवटच्या बसची वेळ झाली होती म्हणून मीही उठले.